युजर एजंटवर माझा भरवसा का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया खरमरीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मोबाइलला कोणतं पान द्यायचं हे ब्राउझरच्या नावावरून ठरवू नका, त्याला काय जमतं ते पाहून ठरवा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की हे पुण्या-मुंबईच्या एजन्सीचे चोचले आहेत. काटोल-नरखेडकडचा शेतकरी बटणांच्या फोनवर नागपूरच्या कळमना बाजाराचे संत्र्याचे भाव पाहतो. युजर एजंट (ब्राउझर सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) वाचायचा, साधा फोन दिसला की एम-डॉट साइटवर (मोबाइलसाठीच्या वेगळ्या, छोट्या साइटवर) पाठवायचं, विषय संपला. वरून काय जमतं त्या तपासणीचं जावास्क्रिप्ट त्या गरीब फोनवर कशाला लादता?

शेवटचा मुद्दा वजनदार आहे, तो आधी घेतो. तपासणीसाठी जाडजूड लायब्ररी उतरवायला लावणं हा अडाणीपणाच, त्यात वाद नाही. पण बहुतेक तपासणीला स्क्रिप्ट लागतच नाही. तुमचाच बटणांचा फोन घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम कायओएस २.५, स्क्रीन २४० बाय ३२० पिक्सेल, आत फायरफॉक्स ४८ चं, म्हणजे २०१६ सालचं इंजिन. त्याला सीएसएस ग्रिड (पान रकान्यांत मांडायची नवी पद्धत) येत नाही, वेबपी (नव्या, हलक्या प्रकारचं) चित्र उघडत नाही. आता भावाचं पान कसं लिहायचं? आवक, आंबिया आणि मृग बहार, किमान-कमाल भाव, सगळं साध्या एचटीएमएल टेबलात. ग्रिडची मांडणी ‘सपोर्ट्‌स’ नियमाच्या (‘हे जमत असेल तरच वाच’ ही सीएसएसमधली अट) आत. हा फोन तो अख्खा तुकडा सोडून देतो आणि टेबल सरळ दाखवतो. चित्र ‘पिक्चर’ टॅगमध्ये; वेबपीची ओळ ओलांडून तो जेपेग उचलतो. आलेखाची स्क्रिप्ट ‘मॉड्यूल’ प्रकारची. हा प्रकारच त्याला ठाऊक नाही, त्यामुळे ती फाइल तो डाउनलोडसुद्धा करत नाही. तपासणीची एक ओळ लिहिली नाही आणि त्या फोनच्या डेटा पॅकवर भारही नाही. तिथे खरी अडचण वेगळीच असते: त्याला टच नाही. बाणांच्या बटणांनी लिंकवर पोचता येतं का, हे एकदा हातात फोन धरून बघायलाच लागतं.

आता युजर एजंट. आजच्या अँड्रॉइड फोनवरचं क्रोम स्वतःची ओळख साधारण अशी देतं: ‘मोझिला/५.० (लिनक्स, अँड्रॉइड १०, के) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० मोबाइल सफारी/५३७.३६’. यातला मोझिला खोटा, सफारी खोटी. फोनमध्ये अँड्रॉइड १४ असलं तरी इथे १०च, आणि मॉडेलच्या जागी सगळ्यांसाठी एकच ‘के’. हे २०२३ पासून मुद्दाम केलंय, लोकांचा माग काढता येऊ नये म्हणून. मोझिलाचं खोटं तर आपल्याच धंद्याने जन्माला घातलं. नव्वदच्या दशकात स्वतःला मोझिला म्हणवणाऱ्या नेटस्केप ब्राउझरलाच साइट्स चांगलं पान द्यायच्या, म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर मोझिला म्हणवून घ्यायला लागला. २००९ मध्ये ऑपेरा १० आलं, तर कित्येक साइट्स पहिलाच अंक वाचून त्याला ऑपेरा १ समजल्या. शेवटी ऑपेराने युजर एजंटात ९.८० कायमचं गोठवून टाकलं. २०१९ पासून आयपॅड स्वतःला मॅक म्हणवतो. एवढं सगळं पाहून, तुमची जी मॉडेलची यादी आहे ती कोण सांभाळणार, तुम्ही का तुमचा क्लायंट?

सर्व्हरवर निर्णय घ्यायचाच नाही असं मी सांगून राहिलो नाही. जे ब्राउझर स्वतःहून सांगतो ते जरूर ऐका. चित्र मागताना तो ‘ॲक्सेप्ट’ हेडरमध्ये वेबपी चालतं का ते सांगतो. डेटा बचत चालू असेल तर काही ब्राउझर ‘सेव्ह-डेटा’ पाठवतात. उलट युजर एजंटनुसार पानं बदलली की मधल्या कॅशला (पानांच्या प्रती साठवून पटकन देणाऱ्या सर्व्हरला) प्रत्येक वेगळ्या युजर एजंटसाठी वेगळी प्रत ठेवावी लागते, म्हणजे कॅश असून नसल्यासारखी.

आणि हो, क्षमता तपासली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. ‘जवळची मंडी दाखवा’ हे बटण घ्या. क्रोममध्ये जिओलोकेशन आहे का विचारलं तर उत्तर ‘आहे’ येतं, पण पान एचटीटीपीएसवर नसेल तर २०१६ पासून ते लोकेशन देतच नाही. ऑपेरा मिनी या हलक्या ब्राउझरच्या जास्तीत जास्त बचतीच्या मोडमध्ये स्क्रिप्ट फोनवर चालतच नाही, ऑपेराच्या सर्व्हरवर थोडा वेळ चालते आणि थांबते. दर मिनिटाला भाव ताजे करणारा टायमर तिथे मुकाट मरतो. म्हणून बटणाशेजारी तालुक्यांची साधी यादी हवी आणि ‘ताजे भाव’ ही सरळ लिंक हवी. ऑपेरा मिनी ओळखून तुम्ही वेगळं पान दिलंत तरी त्यात हेच दोन घटक घालाल ना? मग सगळ्यांनाच द्या की.

तुमची एम-डॉट साइट चालू आहे तर उद्याच मोडा असा माझा आग्रह नाही. पण शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली भावाची लिंक इतवारीतल्या व्यापाऱ्याने कॉम्प्युटरवर उघडली की तेच पान उघडायला पाहिजे, मुखपृष्ठ नाही. मोठ्या पानात ‘अल्टरनेट’ आणि छोट्यात ‘कॅनॉनिकल’ लिंक टाका, म्हणजे गुगलला दोन्ही एकच आहेत हे कळेल. आणि खाली ‘पूर्ण साइट पहा’ दिलंय, ते दाबल्यावर तुमचा सर्व्हर युजर एजंट वाचून माणसाला परत छोट्या साइटवर फेकतो का, तेवढं आज तपासा.