उसने बारा हजार

पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात बसून इतरांच्या खर्चावर आक्षेप नोंदवलेल्या माणसाला, समोरची व्यक्ती काही मागायच्या बेतात आहे हे तिने तोंड उघडण्याच्या बरेच आधी कळते. त्यामुळे एका रविवारी सकाळी आमचे चिरंजीव दिवाणखान्यात बसून आमच्या छताच्या पंख्याची स्तुती करू लागले, तेव्हाच मी मनातल्या मनात फाईल उघडली. हा पंखा १९८८ सालचा असून तो फिरू लागला की घरातील माणसे खुणांनी बोलतात. त्याची स्तुती आजवर कोणी केलेली नाही. पंख्यावरून विषय घराच्या वयावर गेला, घरावरून भाड्यावर आला आणि भाड्यावरून "सध्या पुण्यात घर घ्यायचं म्हणजे..." इथवर येऊन थांबला. त्या वाक्याचा उत्तरार्ध पुढील तीन महिने आमच्या घरात कोणीही उच्चारला नाही.

मध्यमवर्गीय मराठी घरात मुलाने वडिलांकडे पैसे मागणे जितके अवघड, तितकेच वडिलांनी ते आपण होऊन देऊ करणेही अवघड असते. मागितले तर बाबांना वाटेल की याला अजून स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, अशी मुलाला धास्ती. न मागता दिले तर याला वाटेल की आपल्या कर्तृत्वावर संशय घेतला, अशी बापाला धास्ती. अशा वेळी दोघेही वर्तमानपत्र वाचतात. त्या तीन महिन्यांत आमच्याकडे वर्तमानपत्राची इतकी पारायणे झाली की मला निविदा सूचनासुद्धा पाठ झाल्या.

दरम्यान दर रविवारी जागा पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही हिंजवडीत नोकरीला असल्यामुळे वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत अशी आमची परिक्रमा ठरलेली असे आणि "अनुभवी माणूस बरोबर असावा" या सबबीवर आम्हा उभयतांनाही गाडीत बसवले जाई. सॅम्पल फ्लॅटमधील खोल्यांना दारे नसतात, हे मला या वयात प्रथमच कळले. कारण विचारले तेव्हा "सर, मोकळं वाटावं म्हणून" असे उत्तर मिळाले. तेथील पलंग मी वितीने मोजला, तो माझ्या उंचीपेक्षा चार बोटे कमी भरला. म्हणजे दारे आणि पाय या दोन गोष्टी बाहेर ठेवूनच त्या घरात राहायला जायचे होते.

एका ठिकाणी माहिती देणाऱ्या मुलीने पार्किंगकडे खिडकी असलेली एक चिंचोळी खोली दाखवून, "आणि ही पॅरेंट्स बेडरूम," असे प्रसन्नपणे जाहीर केले. खोलीत एक झुलती खुर्ची आणि भिंतीवर गणपतीची तसबीर होती. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. आपले कोथरूडचे घर सोडून या खुर्चीत झुलायला यायचे आहे, हे आम्हाला तोपर्यंत कोणी कळवले नव्हते. चिरंजीवांचे कान लाल झाले आणि सूनबाईंनी घाईघाईने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला.

शेवटी, कोणाकडेही न पाहता, ती मुलगी विचारी, "बजेट काय आहे सर?" चिरंजीव सूनबाईंकडे पाहत आणि सूनबाई छताकडे पाहत, ते छतही खोटेच असे. मी मात्र माहितीपत्रकावरील महारेरा क्रमांक मन लावून वाचत असे. गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या नियामकाकडील नोंदणीचा हा क्रमांक २०१७ पासून जाहिरातींवर द्यावा लागतो. ग्राहकाचे हित पाहण्यासाठी तो छापतात असे म्हणतात, परंतु संकटसमयी नजर ठेवायला जागा म्हणूनही त्याचा फार उपयोग होतो.

ही कोंडी फोडली ती सूनबाईंनी. एका रात्री जेवणे सुरू असतानाच त्यांनी टेबलावर एक छापील तक्ता ठेवला. असा नेटका तक्ता माझ्या विभागात कधी तयार झाला नव्हता, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. घराची किंमत ८८ लाख. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते, अशी रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. म्हणजे १७ लाख ६० हजार पदरचे. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख १६ हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख ४० हजार. हे वरचे खर्च त्यांची बँक घराच्या किमतीत धरत नव्हती. एकूण बेरीज २८ लाख ४६ हजार. दोघांची सहा वर्षांची शिल्लक १५ लाख. उरलेल्या १३ लाख ४६ हजारांसमोर 'स्रोत' या शीर्षकाचा रकाना होता आणि तो कोरा होता. कोरा रकाना पाहिला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. मी तो मोठ्या प्रयासाने वरणभाताकडे वळवला.

"यात एक बचत होऊ शकते," सूनबाई शांतपणे म्हणाल्या. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, म्हणजे घर एकट्या त्यांच्या नावावर घेतले तर ८८ हजार वाचतात. मी चिरंजीवांकडे पाहिले, चिरंजीवांनी लोणच्याकडे पाहिले. एका बाजूला घराण्याचे नाव आणि दुसऱ्या बाजूला ८८ हजार असा तराजू मी मनातल्या मनात तोलत असताना सौ. म्हणाल्या, "माझ्या नावावर अजून गॅसचं कार्डसुद्धा नाही. घेऊ दे तिच्या नावावर." विषय संपला. तूट १२ लाख ५८ हजारांवर आली आणि रकाना तसाच कोरा राहिला.

माझे सल्लागार मंडळ रोज सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर भरते. तेथे मी एका काल्पनिक मित्राची अडचण म्हणून हा प्रश्न मांडला आणि तो माझाच आहे हे सर्वांनी तत्काळ ओळखले. एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये." त्यांनी स्वतः ताट आणि पाट दोन्ही देऊन टाकले असल्यामुळे त्यांच्या मताला वजन होते. दुसऱ्यांचे म्हणणे असे की मेल्यावर द्यायचेच आहे, तर जिवंतपणी द्यावे, म्हणजे निदान चहा तरी गरम मिळतो. एका वकिलांनी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ समजावून सांगितले: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. "मात्र अट लेखी असलेली बरी," ते म्हणाले. मुलाच्या घराला हातभार लावताना 'बाबांना दोन वेळा जेवायला घालीन' असे त्याच्याकडून मुद्रांकावर लिहून घेण्याचे दृश्य मी डोळ्यांपुढे आणून पाहिले, त्यात सौ. साक्षीदार म्हणून सही करायला तयार होत नव्हत्या.

या मंडळात सर्वांत खिन्न गृहस्थ मात्र वेगळेच निघाले. त्यांच्या अमेरिकेतील मुलाने कोणालाही न विचारता घर घेतले होते आणि किल्ली हातात घेतल्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले होते. "एका पैशाची तोशीस नाही," असे ते म्हणाले आणि टेकडी उतरेपर्यंत पुढे काही बोलले नाहीत.

नाशिकच्या कन्येला हे कळवणे भाग होते. मुलींचा वाटा समान आहे हे कायदा सांगतो, आणि आमची कन्या कायद्याने सांगण्याआधीपासून सांगत आली आहे. ती फोनवर म्हणाली, "द्या ना बाबा, मला काही नको." 'मला काही नको' हे तीन शब्द किती निरनिराळ्या सुरांत म्हणता येतात, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा. मी ज्या सुरात ते ऐकले, त्यानंतर दुसऱ्याच दिवशी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा करून त्यात समायोजनाची तरतूद टाकली.

एवढे सारे होऊनही मी शरण गेलो नव्हतो, कारण माझ्या भात्यात एक हुकमी वाक्य होते. "आम्ही कोणाकडून एक पैसा न घेता घर उभं केलं," हे ते वाक्य. १९८८ साली कोथरूडला जायचे म्हटले की रिक्षावाला परतीचेही भाडे मागत असे, तेव्हा मी तेथे ५२० चौरस फुटांची जागा १ लाख ४० हजारांना घेतली. माझा पगार १,७५० रुपये होता. कार्यालयाकडून घरबांधणी अग्रिम घेतला, तो वर्षानुवर्षे पगारातून फेडला, सायकल विकली नाही आणि स्कूटर घेतली नाही. हा इतिहास चिरंजीवांनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की मधल्या विरामांसह तो त्यांना पाठ आहे. त्या रात्री मी तो पुन्हा सांगितला आणि शेवटी सहज म्हणून जोडले, की आजकालच्या मुलांना ऐपतीबाहेरची घरे लागतात.

सूनबाईंनी फोनवर हिशेब केला. माझे घर म्हणजे माझे ऐंशी पगार होते. चिरंजीवांच्या हाती महिना एक लाख येतात, त्यामुळे त्यांचे घर अठ्ठ्याऐंशी पगारांचे होते. उधळपट्टीचा जो भव्य आक्षेप मी इतकी वर्षे राखून ठेवला होता, तो अवघ्या आठ पगारांचा निघाला.

तेवढ्यात सौ. उठून आतल्या खोलीत गेल्या आणि ट्रंकेतून पिवळ्या पडलेल्या कागदांची एक रोजनिशी घेऊन आल्या. ती माझ्या सासऱ्यांची. सासरे वाईला शिक्षक होते आणि त्यांचे अक्षर इतके वळणदार होते की कित्त्यासारखे वाटावे. सौ. नी एक पान उघडून माझ्यापुढे सरकवले. '५ मे १९८८. जावईबापूंस घरासाठी उसने रु. १२,०००.' समोरच्या जमेच्या बाजूला काहीही नव्हते.

ही रक्कम मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. ती माझ्या स्मरणात 'तात्पुरती' या सदराखाली सुरक्षित होती, आणि तात्पुरत्या अग्रिमांचे पुढे काय होते हे लेखा विभागातील माणसाला कोणी शिकवायला नको. सासऱ्यांनी ती कधी मागितली नाही. दर दिवाळीला मी द्यायची ठरवत असे आणि दर दिवाळीला त्यांच्याकडूनच फराळाचा डबा येई, त्यामुळे विषय काढायला योग्य वेळ सापडत नसे. पुढे ते गेले. चिरंजीवांनी, कसलाही खवचटपणा न करता, केवळ शास्त्रीय कुतूहलापोटी, दहा टक्के चक्रवाढीने सदतीस वर्षांचा हिशेब काढला. तो ४ लाख ८ हजार भरला.

"यात माझ्या पाटल्या धरलेल्या नाहीत," सौ. म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीवर न जाता पोस्टात गेलो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील माझ्या दोन खात्यांपैकी साडेबारा लाखांचे खाते मोडायचे ठरवले. त्यावर ८.२ टक्के व्याज होते, म्हणजे तिमाहीला २५ हजार ६२५ रुपये हातात येत. त्यांतून आमची औषधे, भाजी आणि माझा अभिमान असे तिन्ही खर्च भागत. दोन वर्षे उलटलेली असल्यामुळे मुदतपूर्व बंद करण्याबद्दल एक टक्का, म्हणजे साडेबारा हजार रुपये, कापून घेतले. सासऱ्यांचे मुद्दल सरकारने पाचशे रुपये जास्तीने वसूल केले असे मी समजलो. हाती आले १२ लाख ३७ हजार ५००. उरलेले २० हजार ५०० सौ. नी आपल्या बचत खात्यातून काढून दिले. या खात्यात एवढी रक्कम आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि ते तसे का ठेवण्यात आले होते हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

बँकेला एक पत्र हवे होते: ही रक्कम वडिलांनी मुलास बक्षीस दिली असून ती परत मागितली जाणार नाही. बापाने मुलाला दिलेल्या बक्षिसावर मुलाला आयकर लागत नाही, हे ऐकून मला पहिल्यांदा संशयच आला, परंतु ते खरे आहे. पत्राचा मसुदा मी स्वतः केला आणि त्याला नऊ अटी जोडल्या. देवघर पूर्वेला असावे, फरशी फिकट रंगाची असावी, पाहुण्यांच्या खोलीस कोणत्याही परिस्थितीत पॅरेंट्स बेडरूम म्हणू नये, वगैरे. सौ. नी नऊही अटींवर एकच आडवी रेघ मारली. इतकी निर्दोष रेघ मी सबंध नोकरीत मारली नव्हती. पैसे सुटताना मला फारसा त्रास झाला नाही. त्या फरशीबद्दलचे मत सोडताना मात्र दोन रात्री झोप लागली नाही. फरशी शेवटी गडद राखाडी घेतली. मी एकदाच तोंड उघडले, त्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा मुद्दा बरोबर आहे." कार्यालयात आम्ही ज्या कागदांवर काहीही करायचे नसते त्यांवर 'नोंद घेतली' असे लिहीत असू, त्याची मला आठवण झाली.

करार नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात सर्वजण गेलो. "काका, तुम्ही कोण? लिहून देणार की लिहून घेणार?" तेथील मुलाने विचारले. मी दोन्हींपैकी कोणीच नव्हतो. मी ओळख पटवणारा होतो. सूनबाईंचा अंगठा यंत्राने पहिल्या फटक्यात स्वीकारला. माझा अंगठा पाने उलटून उलटून इतका गुळगुळीत झाला आहे की यंत्राने तो चार वेळा नाकारला. पाचव्या वेळी तो कपाळावर घासून ठेवला, तेव्हा कुठे सूनबाई त्याच आहेत हे माझ्याकडून सिद्ध झाले.

घरी परतल्यावर सौ. नी ती रोजनिशी पुन्हा उघडली आणि आपल्या वडिलांच्या नोंदीखाली त्या दिवसाची तारीख घालून लिहिले: 'चिरंजीवांस घरासाठी उसने रु. १२,५८,०००.' मी त्यांच्या निदर्शनास आणले, की बँकेला दिलेल्या पत्रात या रकमेचा उल्लेख बक्षीस असा आहे, त्यामुळे ही नोंद मूळ अभिलेखाशी विसंगत ठरते.

"आक्षेप असेल तर लेखी द्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पंखा लावला.