आत्याला कुठून कापावं?

आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली, २३ माणसं तीन रांगांत कोंबून तुम्ही मोबाइलवर फोटो काढलात, आता प्रिंट करायचाय. छान. एकच पथ्य पाळा: गुणोत्तर आठवीच्या गणितात सोडून आलात ना, ते परत उकरून काढू नका.

मोबाइलचा फोटो बहुधा ४:३. लॅबचा लाडका कागद ४×६ इंच, म्हणजे ३:२. (हे खूळ १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याचं. सिनेमाच्या फिल्मची चौकट दुप्पट करून त्यात २४×३६ मिलिमीटर केली होती. फिल्म गेली, कागद तसाच राहिला.) सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार होते, आणि कागद तर चारच. मग वरून पाव इंच, खालून पाव इंच, अगदी समान न्यायाने कात्री. वर खुर्चीवर उभ्या मामांचं कपाळ जातं, खाली सतरंजीवरच्या पोरांच्या मांड्या.

लॅबमधला मुलगा विचारेल, "काका, फोटो पूर्ण बसवू? बाजूला पांढरी पट्टी येईल." साफ नाही म्हणा. पट्टीने शोभा जाते. त्यापेक्षा मामा गेलेले परवडले.

माणसं कापवत नसतील तर फोटो सरळ ताणा. ४:३ चा ३:२ केला की सगळे साडेबारा टक्के रुंद होतात. पुतण्याने जिमची वर्षाची फी भरली असेल तर ती त्याची चूक.

हॉलसाठी मात्र ८×१० ची फ्रेमच आधी घ्या, सेलमध्ये. फोटोचं नंतर बघू. इथे मामांचं कपाळ परत मिळतं, पण दोन्ही कडांचा एकेक तृतीयांश इंच जातो, आणि उरलंसुरलं फ्रेमचं लाकूड झाकतं. कडेला कोण असतं? ऐन वेळी "अगं, तूपण ये ना" म्हणून बोलावलेली आत्या.

फोटो काढताना "दोन पावलं मागे सर, कडेला जागा सोड" म्हणणारा एक शहाणा प्रत्येक घरात असतो. त्याला आइस्क्रीम आणायला पाठवावं.

आत्या चहाला येईल. फ्रेमसमोर उभी राहील, चष्मा पुसेल, विचारेल, "मी कुठाय रे यात?" न डगमगता डाव्या कडेवर बोट ठेवा. तिथे चार हिरव्या बांगड्या आहेत आणि पैठणीचा पदर.

"ही काय! पदर तुझाच ना?"