कोल्ट झोपला नव्हता, हात बांधलेले होते

अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्वरांवरचा लेख आवडला, पण ‘कोल्ट कंपनीला काडतुसाचं महत्त्व उशिरा कळलं’ हे वाक्य खटकलं. कळलं होतं, करता येत नव्हतं. रिव्हॉल्वरच्या गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायचं पेटंट रॉलिन व्हाइट या संशोधकाने १८५५ साली घेतलं आणि कोल्टची स्पर्धक कंपनी स्मिथ अँड वेसनने ते वापरायचा एकाधिकार मिळवला. दर नगामागे व्हाइटला २५ सेंट. कोर्टकचेरीचा खर्च मात्र त्याच्याच गळ्यात! बिचारा त्यातच धुपला. पेटंटची मुदत वाढवून मागितली तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये विधेयकच परत पाठवलं.

रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीने १८६८ मध्ये सरळ रॉयल्टी भरून आपली टोपीची रिव्हॉल्वरं (दारू-गोळी पुढून ठासून मागे ठिणगीची टोपी लावायची ती) काडतुसाची करून दिली. कोल्टने त्याच वर्षी थ्यूर पद्धतीची आडवाट धरली, म्हणजे निमुळती काडतुसं पुढूनच दाबून बसवायची. फार चाललं नाही ते.

खरी गंमत पेटंटची मुदत संपल्यावर कोल्टने आणलेल्या १८७१ च्या रिचर्ड्स पद्धतीत आहे. जुन्या १८६० च्या आर्मी मॉडेलच्या सिलिंडरची मागची, टोप्या बसवायच्या निपलांची बाजूच कापून काढली आणि त्या जागी गोल चकती बसवली. तिच्या उजव्या अंगाला काडतूस आत सरकवायचं छोटं दार. नळीखालचा ठासायचा दांडा गेला आणि बाजूला रिकामी पुंगळी ढकलून काढायची कांडी आली. बाकी सांगाडा तोच, कारण अमेरिकेच्या यादवी युद्धातला माल गोदामात पडून होता. आपल्याकडे जुन्या साडीची गोधडी करतात, तसंच.

लेखातल्या फोटोत ती कांडी स्पष्ट दिसतेय. मग खाली ‘ठासणीचं रिव्हॉल्वर’ का लिहिलंय?