आठ, साठ आणि एजिंग

दिवाळीनंतर एकदा मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात सुरती पापडीच्या शेंगा घेत होते. भाव विचारला, बाई म्हणाली आठ. मला वाटलं चला, पावशेर आठ रुपये, स्वस्ताई आली वाटतं, मी दहाची नोट पुढे केली आणि दोन रुपये परत यायची वाट बघत उभी. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. शेवटी ती म्हणाली, "मासी, साठ कह्या. आठ मां तो थेलीय नथी आवती." शेजारच्या दोघी हसल्या, मीही हसले, पण रिक्षात बसल्यावर डोक्यात तेच. 'आठ' आला आणि 'स' आलाच नाही?

घरी सांगितलं तर आमचे हे टपूनच बसलेले. म्हणे वर्षभर सांगतोय, टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतेस की खालच्या मजल्यावरच्या हसुमतीबेनना आपली सिरियल फुकट ऐकू येते. बरं म्हटलं, दाखवू. जवळच एका ठिकाणी कानाच्या फुकट तपासणीचा बोर्ड होता, गेलो. पोरगा गोड होता, हेडफोन लावला, पीं पीं वाजवलं, दहा मिनिटांत कागद काढला आणि म्हणाला, "मासी, आ तो एजिंग छे. उंमर थई ने हवे." (म्हणजे वय झालं ना आता.) पुढे दोन कानांच्या दोन मशीनची किंमत सांगितली. ती मात्र मला स्वच्छ ऐकू आली, एक अक्षर गळलं नाही.

पण माझं डोकं किमतीवर नाही, त्या शब्दावर अडकलं. एजिंग! मला सांगतोय एजिंग! अरे बाबा, चौतीस वर्षं मी दर शनिवारी एजिंग काढलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मकरपुरा जीआयडीसीत (तुमच्याकडची एमआयडीसी तशी) ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते, 1985 ला लागले, 2019 ला रिटायर. आमच्याकडे एजिंग म्हणजे उघराणीचा तक्ता. कुठल्या पार्टीकडून किती पैसे यायचेत आणि ते किती दिवसांपासून अडकलेत. पहिला रकाना तीस दिवसांपर्यंत, मग साठ, मग नव्वद, आणि शेवटचा नव्वदच्या वर. आधी कॉलमनर पॅडवर हाताने काढायचो, टोटल जुळेना की चहा थंड व्हायचा आणि बस चुकायची, मग टॅली आलं आणि एक बटण दाबलं की झालं. साहेब कागद हातात घेतला की पहिले तीन रकाने बघायचेच नाहीत, लाल पेन्सिल थेट शेवटच्यावर. आणि प्रश्न एकच. का?

आता हे नीट ऐका, कारण माझं सगळं भांडण इथेच आहे. 'बिल नव्वद दिवसांच्या वर गेलं कारण ते जुनं झालं' असं उत्तर मी दिलं असतं ना, तर साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी डिस्पॅचला बसवलं असतं. जुनं झालंय हे तर कागदच सांगतोय, का झालं ते बोल. आणि कारण दर वेळी निघायचंच. कुठे बुशिंग वाटेत फुटलं म्हणून पार्टी अडून बसलेली, कुठे दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे पार्टीने राखून ठेवलेले पैसे, वॉरंटी संपेपर्यंत अडकलेलं. एक बिल तर सव्वा वर्ष पडून होतं, शेवटी कळलं की माल पोचल्याच्या पावतीवर तिकडच्या स्टोअरकीपरची सही राहिलेली आणि तो माणूस बदली होऊन दुसऱ्याच गावी गेलेला. आमचा एक मुलगा एसटीने जाऊन सही घेऊन आला, आठवड्यात चेक आला. सव्वा वर्षाचं 'एजिंग' एका सहीत उतरलं. बँकाही तेच करतात, हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, आणि 2021 पासून तर कंपन्यांच्या बॅलन्सशीटमधेच येणे रकमांचं एजिंग छापावं लागतं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांच्या पुढेपर्यंत. आणि तीन वर्षं गेली की साधारणपणे कोर्टात वसुलीचा दावाही टिकत नाही. म्हणजे रकाना हा इशारा आहे, निकाल नाही.

आणि काचेच्या पार्टिशनपलीकडे शॉपवर, म्हणजे जिथे माल बनतो तिथे, हाच शब्द वेगळ्याच अर्थाने चालायचा. ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांना, कागद गुंडाळलेला असतो, हो, कागदच, क्राफ्ट पेपर, आणि तो तेलात बुडवलेला. तेल बदलता येतं, गाळता येतं, पण तो कागद बदलता येत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य. डिझाइनमधले एक काका मला जेवणाच्या सुट्टीत समजवायचे (मी विचारायचे म्हणून, अकाउंट्समधे बसून बिलात काय लिहिलंय ते कळू नये म्हणजे काय), की कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या, नव्या कागदात एकेका साखळीत हजाराच्या आसपास कड्या, आणि त्या तुटत तुटत दोनशेवर आल्या की कागद संपला, मग पुढच्या झटक्याला तो फाटणार. आणि तुटतात कशाने? वर्षांनी नाही. उष्णतेने, ओलाव्याने, हवेतल्या ऑक्सिजनने. आतल्या सगळ्यात गरम जागी 98 अंश धरून हिशेब करतात आणि त्याच्या वर दर सहा अंशांना म्हातारं व्हायचा वेग दुप्पट. म्हणजे एकाच दिवशी फॅक्टरीतून निघालेले दोन जुळे भाऊ, एक बिचारा भर उन्हाळ्यात ओव्हरलोड खातोय आणि दुसरा निम्म्या लोडवर आरामात, त्यांचं वय कागदोपत्री एक, पण एक म्हातारा आणि दुसरा तरणाताठा.

त्याच्या टाकीच्या बाजूला एक काचेची बरणी लटकलेली असते, ब्रीदर म्हणतात, ट्रान्सफॉर्मर तिच्यातून श्वास घेतो. तेल तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं आणि बाहेरची हवा आत ओढतं, ती हवा कोरडी करायला बरणीत सिलिका जेलचे निळे खडे. ओल प्यायले की ते गुलाबी होतात. काका म्हणायचे, लोक त्या गुलाबी रंगाकडे बघत नाहीत आणि दहा वर्षांनी म्हणतात ट्रान्सफॉर्मर जुना झाला. आणि उघडायचीही गरज नसते, तेलाचा नमुना काढून त्यात फ्युरान किती ते बघतात, कागद तुटताना ते तेलात सुटतं, आपलं रक्त तपासतात तसंच. लोखंडाच्या डब्याचं एवढं बघतात आणि माझ्या कानाला दहा मिनिटं!

स्टोअर्समधे तर एजिंग ही विकत घ्यायची गोष्ट होती. ॲल्युमिनियमच्या बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या, यायच्या, 6101 टी-6, त्यातल्या टी-6 चा अर्थच असा की तापवून, पाण्यात विझवून मग भट्टीत ठेवून मुद्दाम एज केलेलं, त्याने धातू कडक होतो. हा शोध जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाच्या माणसाला 1906 मधे लागला. ॲल्युमिनियममधे तांबं आणि मॅग्नेशियम घालून, तापवून, थंड करून पाहिलं, काही खास नाही, आणि नुसतंच काही दिवस ठेवून परत मोजलं तर आपोआप कडक झालेलं! त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं. विमानाचे काही रिव्हेट तर ठोकायच्या आधी बर्फागत गार ठेवतात, बाहेर राहिले तर कडक होऊन बसतील म्हणून. पण भट्टीत जास्त वेळ राहिलं तर परत मऊ पडतं, त्याला ओव्हरएजिंग म्हणतात. म्हणजे तिथेही प्रश्न हाच, किती तापमान आणि किती तास.

ह्या सगळ्यात मला आपली मराठी फार शहाणी वाटते. इंग्रजीत सगळ्याला एकच 'एजिंग', बिलाला तेच, धातूला तेच, चीजला तेच, मासीला तेच. आपण काय म्हणतो? लोणचं मुरतं. आंबा पिकतो. पोळी शिळी होते. साडी विटते. उंबरा झिजतो. माणूस पोक्त होतो आणि आजोबा थकतात. 'थकलेत हो आता' म्हणतो आपण, म्हणजे ते काहीतरी करत होते, त्याने थकले, हे त्या शब्दातच आलं. प्रत्येक शब्दात काय झालं आणि बरं झालं की वाईट, हे दोन्ही सांगून टाकलेलं. जीर्ण म्हणजे जुनं, पण जीर्ण म्हणजे पचलेलंसुद्धा, मूळ धातू एकच, म्हणून तर न पचलं की अजीर्ण. आयुर्वेदाच्या आठ अंगांत तर 'जरा' हे एक आख्खं अंगच आहे.

माझ्या सासूबाईंकडे हे शास्त्र हातात होतं. लिंबाचं लोणचं घातलं की बरणीला दादरा बांधून पहिले पंधरा दिवस माडीवर उन्हात, संध्याकाळी आत, मग कोनाड्यात. वर्षाने बघितलं तर साल काळसर आणि लोण्यासारखी मऊ, कडवटपणा गेलेला, तापातून उठलेल्याला पेजेबरोबर तेच. गहू दिवेल (एरंडेल) लावून भरायचे. तांदूळ कधी नवा शिजवायच्या नाहीत, नवा म्हणजे गिच्च गोळा, जुना पाणी जास्त पितो आणि दाणा दाणा मोकळा होतो. पण एका वर्षी कोणीतरी ओला चमचा बरणीत घातला आणि अख्ख्या बरणीला बुरशी. तेव्हा सासूबाई 'लोणचं जुनं झालं' म्हणाल्या नाहीत. 'ओला चमचा कोणी घातला?' म्हणाल्या. साहेबांच्या लाल पेन्सिलीसारखंच. (मी नव्हता घातला. सदतीस वर्षं झाली, अजून सांगते, मी नव्हता घातला.)

व्हिस्कीचंही असंच म्हणतात, स्कॉटलंडमधे लाकडाच्या पिंपात कमीत कमी तीन वर्षं ठेवल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही, आणि दरवर्षी दोनेक टक्के उडून जाते त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आपल्याकडच्या गरम हवेत तो वाटा कितीतरी जास्त. आम्ही गुजरातवाले, आमचं हे ज्ञान पुस्तकी.

मग माणसाच्या बाबतीतच काय होतं? एकतर चेहऱ्याला लावायचं अँटी-एजिंग क्रीम, जणू वय हा डाग आहे, खरं तर सुरकुत्यांचा मोठा वाटा उन्हाचा असतो, गाडी चालवणाऱ्याचा खिडकीकडचा गाल बघा. नाहीतर 'उंमर थई'. हे खुद्द जागतिक आरोग्य संघटनेलाही झालं, आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत 'म्हातारपण' असाच एक कोड येऊ घातला होता, जगभरच्या लोकांनी ओरड केल्यावर तो शब्द काढून 'वयाबरोबर येणारी क्षमतेतली घट' असं केलं, आणि 2022 पासून ती यादी लागू झाली. कोणी म्हणेल शब्दांचा खेळ. मी नाही म्हणणार. 'म्हातारपण' लिहिलं की फाइल बंद, 'घट' लिहिलं की कशातली घट, किती, कशाने, हे विचारावं लागतं. वय खोटं असतं असंही माझं म्हणणं नाही. 1961 मधे, म्हणजे मी जन्मले त्याच वर्षी, हेफ्लिक नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशीसुद्धा चाळीस-साठ वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. कुठेतरी मर्यादा आहेच. पण ती शेवटची ओळ आहे, पहिली नाही.

तर मी मशीन घेतलं नाही, रावपुऱ्यात एका कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी कानात बघितलं (बघा, कानात!) आणि हसल्या. उजव्या कानात मळाचा दगड. पाच दिवस थेंब घातले, मग काढला, आणि बाहेर पडले तर रस्त्यावरच्या रिक्षा अंगावर येतायत असं वाटलं. नंतर आवाजबंद खोलीत नीट तपासणी झाली. आलेख निघाला त्यात 4000 हर्ट्झच्या पट्टीपाशी दोन्हीकडे एक खळगा, 8000 ला परत थोडा वर. तिथली मुलगी म्हणाली, काकी, तुम्ही आवाजात काम करायचात का हो? एवढ्या वर्षांत कोणी हे विचारलंच नव्हतं. पार्टिशनच्या पलीकडे कोअरचे पत्रे कापायची लाइन होती, 1988 ते 2004 माझी खुर्ची त्या काचेला लागून. आणि तिने समजावलं की वयाने कान जातो तो वरच्या पट्टीकडे सरळ उतरत जातो, आवाजाने जातो तो असा 4000 जवळ खळगा पडतो, आणि माझं थोडं हे थोडं ते. 'स'सारख्या अक्षरांची फुंकर तिकडच्याच पट्टीत असते म्हणून तीच आधी गळते, 'आ' जाडजूड, तो पोचतो. म्हणून साठचा आठ!

घरी आले आणि जुन्या सवयीने कागद घेऊन रकाने आखले. सहा महिन्यांच्या आत, मळ, वसूल. तीन वर्षांच्या पुढे, पत्रा कापायची लाइन, बुडीत. खाली वय, बाकी. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ह्यात 'मी हाक मारतो ते ऐकू न येणं' कुठल्या रकान्यात आहे?

ते मला कधीच ऐकू येत होतं. त्याचा एजिंगशी काही संबंध नाही.