काठी आणि गज

रविवारच्या फोनवर आण्णांनी परत तोच विषय काढला. पुतणी मुंबईत चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, शिकते आणि तिला पुढं ऑर्केस्ट्राची कंडक्टर व्हायचंय. आण्णा म्हणाले, "वाजवणारे वाजवतात, हा नुसती काठी हलवतो. आपल्या मैफलीला लागतो का असा कोण? आणि एक काय ते धर म्हणावं. एक ना धड, भाराभर चिंध्या."

दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

मी मँचेस्टरच्या ब्रिजवॉटर हॉलमध्ये कॉयर सीट, म्हणजे वादकांच्या मागची जागा, घेतो. तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो. ऐंशी माणसं नुसत्या कानाच्या भरवशावर एकत्र राहत नाहीत, मागच्या ट्रॉम्बोनवाल्याला समोरचं व्हायोलिन उशिरा पोचतं. व्हायोलिनचा गज वर न्यायचा की खाली, हे ज्यानं त्यानं ठरवलं तर सूर फाटतो. ज्यानं स्वतः गज ओढलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

आमच्या मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा ऐन युद्धात, १९४३ साली, जॉन बार्बिरोलींनी नव्यानं उभा केला. माणूस मूळचा चेलोवाला. १९१९ मध्ये लंडनला इंग्रज संगीतकार एल्गार यांचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल चेलो आणि ऑर्केस्ट्राची रचना, पहिल्यांदा वाजला तेव्हा ते वादकांच्या रांगेत होते. तालमीला वेळच मिळाला नव्हता, कार्यक्रम पडला. १९६५ मध्ये चेलोवादक जॅकलीन द्यू प्रे यांनी तीच रचना रेकॉर्ड केली तेव्हा काठी बार्बिरोलींच्या हातात होती. लोक आजही ते रेकॉर्डिंग शोधून ऐकतात. त्या पडलेल्या रात्रीचं त्यात काहीच नसेल, हे मला पटत नाही.

आणि 'एकच धर' हे आपल्या कोल्हापुरात कधीपासून, आण्णा? गोविंदराव टेंबे पेटी वाजवायचे, 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्रही तेच आणि संगीतही त्यांचंच. तो बोलपट कोल्हापुरातच झाला!

एवढं सगळं फोनवर तावातावानं बोललो. आण्णा शांतपणे म्हणाले, "तू देवल क्लबात कधी बसला होतास?"

कधीच नाही. कॉलेजची सगळी वर्षं कोल्हापुरातल्या त्या गाण्याच्या क्लबाच्या दारावरून सायकल नेली, आत पाऊल टाकलं नाही. मैफल म्हणजे काय, हे मी इथं मँचेस्टरात तिकीट काढून शिकलो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा मी ट्रॅममध्ये उभा राहून मोबाईलवर बघत रडलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी कुणाचं काही झालं का. मी हो म्हणालो.

काल पुतणीला चेलोच्या तारांचा सेट पाठवला. काउंटरवरच्या मुलीनं पिनकोड विचारला तेव्हा लक्षात आलं, पाकिटावर मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला पत्ता लिहिला होता.