उशिरा म्हणजे कधीच नाही असं नव्हे

महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘पाळी चालू असेपर्यंत बाईला हार्ट अटॅक येत नाही, हार्मोन तिचं रक्षण करतात. बारीक बाईला तर भीतीच नाही. वजन जास्त असलं तरी रिपोर्ट नॉर्मल असतील तर काळजी सोडा. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या सुरू करा, हृदय पुन्हा पूर्वीसारखं.’ खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा’. पूर्ण खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यात थोडं थोडं खरं मिसळलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी पाळी आणि हार्मोन. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं आणि वाहिन्या सैलावतात, यकृतही रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त उचलतं. हे खरंच. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण ९ वर्षं उशिरा आलेला दिसला. उशिरा आला, पण आलाच ना! शिवाय ही सवलत सगळ्यांना सारखी मिळत नाही. मधुमेह किंवा सिगारेट असेल तर तिचा बराचसा भाग तिथेच संपतो. चाळिशीच्या आत पाळी गेली तर धोका वाढतो. आणि गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराची शक्यता साधारण दुप्पट होते. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, विषय संपला असं घरात सगळेच धरून चालतात. मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणीला मी विचारलं, शेवटचं बीपी कधी मोजलंस? म्हणाली, ‘डिलिव्हरीच्या वेळी. तेव्हा जरा वाढलं होतं.’ मुलगी आता कॉलेजात आहे.

आणखी एक गोष्ट. कोलेस्टेरॉल वयाबरोबर सावकाश चढतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल चांगलीच उडी मारतं. म्हणजे पंचेचाळिशीतला छान रिपोर्ट बावन्नाव्या वर्षी दाखवून उपयोग नाही.

आता बारीक आणि जाड. मेसेजमधली ही दोन वाक्यं एकाच अभ्यासापुढे ठेवता येतात. अमेरिकेत नर्सेसवर १९७६ पासून चालू असलेल्या मोठ्या पाहणीतल्या ९०,२५७ महिलांची सुमारे ३० वर्षांची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलना केली ती वजन योग्य आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांपैकी कसलीच तक्रार नसलेल्या बायकांशी. लठ्ठ, पण अशी तक्रार नसलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार होण्याचा धोका ३९ टक्के जास्त निघाला. वजन योग्य पण यांतलं काही बिघडलेलं, अशांचा धोका जवळजवळ अडीचपट! म्हणजे बारीक बाईने निर्धास्त राहायचं कारण नाही, आणि जाड बाईलाही नॉर्मल रिपोर्टची पूर्ण सूट नाही. त्यातून तो रिपोर्ट टिकतही नाही: २० वर्षांत त्या ‘निरोगी लठ्ठ’ गटातल्या बहुतेक जणी निरोगी गटातून बाहेर पडल्या होत्या.

वजनकाट्याला न दिसणारी गोष्ट म्हणजे चरबी कुठे बसलीय. पाळी गेल्यावर ती मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते. काटा जागचा हलत नाही, पण जुने कपडे कमरेला घट्ट व्हायला लागतात. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) सगळंच बिघडवते. त्यामुळे टेप घ्या. कपडे बांधतो तिथे नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. श्वास सोडून, पोट आत न ओढता. (ओढतोच आपण. पुन्हा मोजा.) माप उंचीच्या निम्म्याहून जास्त भरलं, तर वजन ‘बरोबर’ असलं तरी तपासण्या करून घ्या.

राहिल्या हार्मोनच्या गोळ्या. त्या हृदय वाचवतात हा समज एके काळी डॉक्टरांचाही होता. अमेरिकेत १६,६०८ महिलांवर त्याची चाचणी झाली, आणि इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देण्याचा तो भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला, आणि हृदयविकार कमी व्हायचा तो उलट थोडा जास्तच निघाला. त्यातल्या बऱ्याच जणी साठीपुढच्या होत्या; पाळी गेल्यावर लवकर सुरू केलं तर चित्र वेगळं दिसतं, हेही पुढे कळलं. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप उडते, त्यासाठी या गोळ्या चांगल्या आहेत आणि डॉक्टरांशी बोलून जरूर घ्याव्यात. फक्त हृदय वाचवायला म्हणून त्या सुरू करत नाहीत, आणि चालू असलेली बीपीची गोळी त्यांच्या भरवशावर बंद करायची नसते.