निपाणीच्या अक्कांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अक्का, माझ्या आईच्या हृदयात नवी झडप बसवल्यावर तिला पेसमेकर (ठोके चालू ठेवणारं यंत्र) लावावा लागला, हे मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "झडप बसवताना डॉक्टरांनी चूक केली, ती झाकायला तुमच्या आईंना पेसमेकर लावला, बिल वाढवलं, आणि तुम्ही त्यांचीच बाजू घेता," असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या महिन्यात तुमच्या आत्यांची हीच झडप बसवायची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जांघेतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवतात तेव्हा जुनी झडप काढत नाहीत. नवी झडप धातूच्या जाळीत असते. जाळी उघडते आणि जुनीला कडेला दाबून बसते. तिच्या लगेच खाली, काही मिलिमीटरवर, ठोक्याची वीज खाली नेणारा धागा एका पातळ पडद्यातून जातो. त्याची डावी फांदी तिथेच फुटते. तिथे दाब पडला, सूज आली की वीज अडते. सूज उतरल्यावर काहींची वाट मोकळी होते, काहींची नाही. छाती उघडून झडप बदलली तरी हा धोका असतोच. 2019 साली कमी जोखमीच्या रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास आले. फुग्याने उघडणाऱ्या झडपेनंतर महिन्याभरात 6.5 टक्के लोकांना पेसमेकर लागला, तर त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 4 टक्के लोकांना. आपोआप उघडणाऱ्या झडपेच्या अभ्यासात हेच आकडे 17.4 आणि 6.1 होते. इतक्या सगळ्यांच्या बाबतीत डॉक्टर चुकले, असं मी म्हणणार नाही.

आईची उजवी फांदी आधीपासूनच बंद होती. जुन्या ईसीजीवर 'राइट बंडल ब्रँच ब्लॉक' असं छापलेलं होतं आणि तो कागद आमच्या ट्रंकेत रेशनकार्डाखाली पडून होता. पावसाळ्यात जांबोटीकडचा एक रस्ता बंद असावा आणि उरलेल्या रस्त्यावर झाड पडावं, तशी गत झाली.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात मधेच थांबला, मान कलली, तांदूळ मांडीवर सांडले. दहा-बारा सेकंदांनी डोळे उघडून म्हणाली, "काय नाही रे, पित्त झालंय." शेजारच्या काकू लिंबूपाणी करायला धावल्या. मी मनगट धरलं तर मिनिटाला 36 ठोके! बेळगावला पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मानेतून तात्पुरती तार घातली आणि दोन दिवसांनी पेसमेकर बसवला. बिल वाढलं हे खरंच आहे. आम्ही म्हैस विकली.

पण अक्का, तुमचा राग एका जागी अगदी बरोबर आहे. डिस्चार्जच्या ईसीजीत वीज पोचायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय, हे दिसत होतं, कागदावर लिहिलेलंही होतं. कार्ड इंग्रजीत, सूचना सिस्टरनी कानडीत दिल्या. आईला कानडी येतं ते बाजारापुरतं. तिने मान डोलावली. चक्कर आली तर घरी थांबू नका, एवढं एक वाक्य मराठीत कुणी सांगितलं नाही. याबद्दल मी आजही रागावलेलो आहे.

तेव्हा आत्यांचे जुने ईसीजी आजच शोधा आणि झडप बसवण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्या. कुठल्या प्रकारची झडप बसवणार आणि त्यानंतर ठोक्यांवर किती दिवस लक्ष ठेवणार, हे विचारा. ईसीजी बदललेला असेल तर काही दिवस अंगावर लावून ठेवायचं, ठोके नोंदवणारं यंत्र मिळेल का, तेही विचारा. आणि सुट्टी मिळाली की लगेच गावाला नेऊ नका. पहिला आठवडाभर तरी हॉस्पिटलजवळच्या कुणा पाहुण्यांकडे ठेवा. डोळ्यांपुढे क्षणभर जरी अंधारी आली, तरी लिंबूपाण्यात वेळ न घालवता सरळ गाडीत घाला.